सगळं नॉर्मल हाय की मर्दा!

मिरज आमच्या सांगलीला अगदी खेटून आहे, सिटी बसनं गेलात तर सांगली कुठं संपली आणि मिरज कुठं सुरू झाली ते कळतपण नाही. १८९४ साली डॉ. विल्यम वान्लेस या मिशनरी डॉक्टरनं तिथं हॉस्पिटल काढलं आणि पुढं ते गाव दवाखान्यांचंच होऊन बसलं. अथणी, जमखंडी, विजापूर, कुठनं कुठनं लोक येतात. सकाळी स्टेशनबाहेर उभं राहून बघा, एका हातात एक्सरेची ती मोठी पिशवी, दुसऱ्या हातानं म्हाताऱ्या आईला धरलेलं, आणि रिक्षावाल्याशी अर्धं कानडी अर्धं मराठी चाललेलं. आमच्याकडं एखाद्याबद्दल "मिरजेला दाखवलंय" असं म्हणलं की विषय संपतो, आता जे काय कळायचं ते कळणार. तर असल्या गावाच्या शेजारी राहून मला गेली बरीच वर्षं सारखं बरं नसतंय, आणि काय झालंय ते अजून कोणाला एका शब्दात सांगता आलेलं नाही.

काय होतंय म्हणजे? हा प्रश्नच मला सगळ्यात अवघड जातो कारण उत्तर रोज वेगळं असतं. सकाळी उठल्या उठल्या रात्रभर पोती वाहिल्यासारखं अंग, आठ तास झोपूनसुद्धा. कणकण असते पण थर्मामीटर लावला की ९८.४. पोट कधी घट्ट कधी पातळ, कधी नुसतंच फुगलेलं. खुर्चीतनं उठलो की छातीत धडधड आणि क्षणभर डोळ्यापुढं अंधारी. दुपारी तीन-साडेतीनला हातापायातलं त्राणच जातं. मी मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात हिशोबाला आहे, तिथं सीझनमध्ये शेतकऱ्याच्या पट्ट्या करायच्या असतात, म्हणजे वजन गुणिले भाव, त्यातनं हमाली वजा, तोलाई वजा, खाली निव्वळ रक्कम. वीस वर्षं हे केलंय, झोपेतपण येईल. आणि त्या दिवसांत असं होतं की आकडा लिहितो, खाली रेघ मारतो, आणि मग बघत बसतो की ही पट्टी कोणाची करतोय आपण. समोर शेतकरी टोपी मांडीवर घेऊन बसलेला असतो, त्याला वाटतं साहेब त्याच्या वजनात काहीतरी खोट काढतायत.

आणि मग एखादा आठवडा असा येतो की काहीच नाही. ठणठणीत. हे सगळ्यात वाईट, कारण त्या आठवड्यात जो कोणी भेटतो तो म्हणतो, "बघ, चांगला तर हायस की!"

तपासण्या म्हणाल तर काय राहिलं नाही. पहिल्यांदा कणकण म्हणून एकानं टायफॉईडची विडाल टेस्ट केली, ती पॉझिटिव्ह आली, टायफॉईडचा कोर्स झाला, फरक शून्य. नंतर कळलं की आपल्याकडं विडाल नुसती एकदा करून फार काही ठरवता येत नाही, कारण टायफॉईड जिथं कायम फिरत असतो तिथल्या धडधाकट माणसांच्या रक्तातपण थोड्या अँटीबॉडी असतातच, आधी कधीतरी संबंध आलेला असतो, खरं निदान ब्लड कल्चरवर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघण्यावर होतं. मग पोटासाठी सोनोग्राफी, त्यात ग्रेड वन फॅटी लिव्हर (आमच्या दुकानात ज्याची ज्याची सोनोग्राफी झाली त्या सगळ्यांचं ग्रेड वन फॅटी लिव्हर आहे, हमाल सोडून). मग दुर्बीण. मग ईसीजी, टूडी इको, पट्ट्यावर पळवून स्ट्रेस टेस्ट. थायरॉईड, शुगर, सगळं नीट. व्हिटॅमिन डी कमी, बी ट्वेल्व्ह कमी. बी ट्वेल्व्हची इंजेक्शनं घेतली आणि खरं सांगायचं तर पायाला मुंग्या यायच्या त्या गेल्या, त्याचं श्रेय त्याला द्यायलाच पाहिजे, पण बाकीचं सगळं जागच्या जागी.

मग पाठ दुखते म्हणून एमआरआय. त्यात निघाला "गॅप". तुम्ही पश्चिम महाराष्ट्रातले असाल तर मणक्यातला गॅप म्हणजे काय ते सांगायला नको, अर्ध्या गावाच्या मणक्यात गॅप आहे. रिपोर्टात डिस्क बल्ज, म्हणजे मणक्यामधली गादी जरा बाहेर फुगलेली, असं लिहिलेलं. मी आठवडाभर वाकलोच नाही, मुलाला सांगितलं माझी बॅग उचल. आणि मग वाचलं की २०१५ मध्ये एक मोठा आढावा छापून आलाय, त्यात पाठ अजिबात दुखत नसलेल्या लोकांचे स्कॅन बघितले तर चाळिशीतल्या साधारण निम्म्या लोकांच्या मणक्यात असला बल्ज सापडला. म्हणजे माझ्या वयाची, पाठ न दुखणारी दहा माणसं धरून आडवी घातली मशीनमध्ये, तर पाच जणांना "गॅप" निघणार आणि त्यातल्या कोणाचं काही दुखत नसणार. मग माझ्या पाठीचं काय? दुखते हे खरं, बल्ज आहे हेपण खरं, आणि दोघांचा संबंध असेलच असं नाही.

फुल बॉडी चेकअपचं तर अजून मजेशीर आहे. आपल्याला वाटतं रिपोर्टात उजव्या बाजूला जी रेंज दिलेली असते ती देवानं ठरवलीय. ती बहुतेक वेळा अशी काढतात की भरपूर निरोगी माणसांचं रक्त तपासायचं आणि मधले ९५ टक्के जिथं बसतात तेवढी रेंज धरायची. म्हणजे उरलेली पाच टक्के निरोगी माणसं मुळातच रेंजच्या बाहेर. आता एकमेकांशी संबंध नसलेल्या वीस टेस्ट एखाद्या ठणठणीत माणसाच्या केल्या तर त्यातली एक तरी लाल किंवा ठळक अक्षरात यायची शक्यता ६४ टक्के निघते, ०.९५ चा विसावा घात करून बघा, मी हिशोबाचा माणूस, मी केला. आणि पॅकेजमध्ये साठ-सत्तर गोष्टी असतात. त्या एकमेकात गुंतलेल्या असतात म्हणून गणित इतकं सरळ नाही हे मान्य, पण एकही ठळक अक्षर नसलेला रिपोर्ट मिळणं तसं अवघडच. आणि ते एक अक्षर मग पुढच्या डॉक्टरकडं पाठवतं, तिथनं पुढच्या टेस्टला, आणि फाईल वाढत जाते.

माझ्या फाईलला आता दोरी बांधायला लागते.

बरं रिपोर्ट नॉर्मल आला की आनंद व्हायला पाहिजे ना? घरच्यांना होतो. आई देवापुढं साखर ठेवते. मला पहिल्या दिवशी होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेच अंग घेऊन उठलो की असं वाटतं की आता कशाच्या नावावर झोपून राहायचं? खरी गोम इथं आहे, आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं, की आपल्याकडं आजाराला नाव असलं तरच आजाऱ्याला मान. आमच्या शेजारच्या काकांना शुगर आहे. कुठंही गेले तरी त्यांचा चहा वेगळा येतो, लग्नात त्यांना आधी जेवायला बसवतात, कोणी विचारत नाही की तुम्हाला नक्की शुगर आहे का. त्यांची शुगर किती हे अख्ख्या गल्लीला पाठ आहे. मला "काय झालंय" विचारल्यावर मी "असंच, बरं वाटत नाही" म्हणतो आणि समोरचा माणूस लगेच डॉक्टर होतो. नाव असलं की लोक विचारपूस करतात, नाव नसलं की सल्ला देतात.

सल्ल्यांचं तर काय वर्णन करावं. आई दर अमावास्येला मीठ-मोहऱ्या ओवाळते, ते ठीक आहे, त्यानं कोणाचं काही जात नाही, उलट मला बरंच वाटतं ती हात फिरवते तेव्हा. मावशीचं म्हणणं "बाहेरचं" काहीतरी आहे, तिच्या माहितीतला एक देवऋषी आहे, नुसतं नाव सांगितलं की सगळं सांगतो म्हणे. मी म्हणलं मावशे, मिरजेच्या डॉक्टरांना मशीनमध्ये घालून कळंना आणि ह्याला नावावरनं कळतंय? तर म्हणते "तिथंच तर सगळं हाय." आमचे शेठ हळदीचं दूध घे म्हणतात. म्हणजे बघा, हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेल्या सांगलीत, हळदीच्या यार्डात, हळदीच्या दुकानात मी दिवसाचे दहा तास नाकातोंडानं हळद घेतोय, सदऱ्याची कॉलर पिवळी, रुमाल पिवळा, आणि हे मला अजून चमचाभर हळद सांगतायत. आणि माझा दोस्त, शाळेपासनंचा, तो प्रत्येक रिपोर्ट स्वतः हातात घेऊन वाचतो आणि पाठीवर थाप मारून म्हणतो, "सगळं नॉर्मल हाय की मर्दा, उगं काय मनाला लावून घेतोस!" त्याचं प्रेमच आहे, मला माहितीय. पण त्याच्यासमोर मी हल्ली आजारी पडत नाही.

आणि सलाईन. "एक सलाईन लावून घे, ताकद येईल." हे इतक्या लोकांनी सांगितलंय की एकदा मी बाटलीवरचं लेबलच वाचलं. पाच टक्के डेक्स्ट्रोज, अर्धा लिटर. म्हणजे पंचवीस ग्रॅम साखर आणि पाणी. कॅलरी शंभराच्या आत, एका केळ्याएवढ्या. ज्याला उलट्या-जुलाब झालेत, ज्याच्या पोटात पाणी टिकत नाही, त्याला सलाईन म्हणजे जीवदान आहे त्यात वाद नाही, पण तोंडानं खाता-पिता येणाऱ्या माणसानं केळं खावं आणि हातावरचं भोक वाचवावं.

मग एका डॉक्टरनं शांतपणे चिठ्ठी लिहून दिली, मानसोपचार तज्ज्ञांच्या नावाची. मी काही बोललो नाही पण जिना उतरताना कान गरम झाले होते. घरी सांगितलं तर आईचा चेहराच पडला, "म्हणजे डोक्याचं हाय म्हणतात व्हय?" बायको म्हणाली, जाऊन तर या, तिथं काय धरून ठेवणार आहेत का. गेलो. आणि सांगतो, इतक्या डॉक्टरांमध्ये ज्यांनी मला मध्ये न तोडता पंधरा-वीस मिनिटं ऐकून घेतलं ते हे पहिले. त्यांनी सांगितलेलं एक वाक्य मी मोबाईलमध्ये लिहून ठेवलंय: तुमचा त्रास खरा आहे की खोटा हा प्रश्न माझ्याकडं नाहीच, तो खराच आहे. पूर्वी म्हणे मानसोपचाराच्या पुस्तकातसुद्धा अशा आजाराची व्याख्या "ज्याचं कारण तपासणीत सापडत नाही" अशी होती, २०१३ साली अमेरिकन मानसोपचार संघटनेनं आपलं डीएसएम फाईव्ह हे निदानाचं पुस्तक काढलं त्यात ती अट काढून टाकली. कारण सापडलं नाही म्हणून मनाचं, हे गणितच चुकीचं, असं ते म्हणाले. आणि उलटपण खरं, कारण सापडलेल्या आजारात, साध्या संधिवातात किंवा हार्टच्या पेशंटमध्येपण मन गुंतलेलं असतंच.

त्यांनी पोटाचं उदाहरण दिलं ते मला पटलं. आयबीएस, म्हणजे जखम-गाठ नसताना पोट सारखं बिघडायचा आजार असलेल्या लोकांच्या आतड्यात बारीक फुगा घालून तो हळूहळू फुगवत नेला तर त्यातल्या बऱ्याच जणांना बाकीच्या लोकांपेक्षा कमी दाबाला दुखायला लागतं. आतडं कापून बघितलं तर त्यात जखम नाही, गाठ नाही, काही नाही. बिघाड आहे तो आतड्याकडनं मेंदूकडं जे निरोप जातात आणि मेंदू त्याचं जे करतो त्यात. दुर्बिणीत तो दिसणार कसा? दुर्बीण भिंत बघते. तसंच दुखण्याचं, जास्त दिवस दुखत राहिलं की मज्जासंस्था हळवी होऊन बसते आणि साध्या गोष्टीपण दुखायला लागतात. मी विचारलं मग हे मानसिक का शारीरिक? ते हसले आणि म्हणाले मज्जातंतू कुठल्या खात्यात टाकायचे ते तुम्हीच सांगा, हिशोब तुम्ही करता. त्यांनी ॲमिट्रिप्टिलिनची दहा मिलिग्रॅमची गोळी रात्री दिली. ती मुळात डिप्रेशनची गोळी, पण एवढ्या लहान डोसमध्ये दुखण्याला आणि झोपेला देतात. तोंड कोरडं पडतं, सकाळी जरा सुस्ती, पण झोप बरी लागायला लागली. आईला सांगितलंय पाठीची गोळी आहे. खोटंपण नाही.

मग नावांच्या मागं लागलो, रात्री मोबाईलवर, कोणीपण लागेल. फायब्रोमायाल्जिया बघितलं, म्हणजे अंगभर दुखत राहायचा आजार. १९९० च्या निकषात अंगावरच्या अठरा ठरलेल्या जागा दाबून बघायचे, अकरा तरी दुखल्या पाहिजेत, नंतर २०१० मध्ये ते बदललं, आता कुठं कुठं दुखतं, थकवा किती, झोप कशी यावर ठरवतात. मग एमई-सीएफएस, म्हणजे तो कायमच्या थकव्याचा आजार. त्याचे २०१५ चे अमेरिकेतले निकष वाचले तर अंगावर काटा आला, सहा महिन्यांच्या वर थकवा, विश्रांतीनं न जाणारा, झोपून उठलं तरी ताजं न वाटणं, आणि मुख्य म्हणजे जरा जास्त श्रम झाले की त्या दिवशी नाही तर नंतर, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस आडवा होणं. हे तर माझंच! पण मग वाचत गेलो तर ज्यांना तो जोरात असतो ती माणसं महिनोन्‌महिने खोलीबाहेर पडू शकत नाहीत, आणि मी तर यार्डात जातोय. म्हणजे थोडाथोडा सगळ्यात बसतो, पुरता कशातच नाही.

शेवटी थांबलो ते आमच्या गावभागातल्या जुन्या डॉक्टरांकडं, जे लहानपणी आम्हाला लाल औषध द्यायचे. त्यांच्याकडं मशीन म्हणाल तर बीपीचं, तेपण पाऱ्याचं. दोरी बांधलेली फाईल त्यांनी पहिल्या पानापासनं वाचली, बाहेर पेशंट खोळंबलेले, कंपाउंडर मावशी दारातनं दोनदा डोकावून गेल्या. मग म्हणाले, झोप त्या बाकड्यावर. पाच-दहा मिनिटं झोपवलं, नाडी मोजली, बीपी बघितलं. मग भिंतीला टेकून उभं केलं, पाय भिंतीपासनं वीतभर पुढं, हलायचं नाही, बोलायचं नाही, आणि दर मिनिटाला मनगटावरच्या घड्याळात बघून नाडी मोजत राहिले. सातव्या-आठव्या मिनिटाला माझे तळपाय जांभळट दिसायला लागले आणि कानात सूं आवाज. मावशी म्हणाल्या, "ह्यास्नी बसवा आता, पडतील." डॉक्टर म्हणाले थांब गं. उभं राहिल्यावर दहा मिनिटांच्या आत नाडी तीसनं वाढून तशीच राहिली आणि बीपी पडलं नाही तर त्याला पॉट्स नावाचा प्रकार म्हणतात. माझी वाढली बावीस-तेवीसनं. इथंसुद्धा काठावर नापास! पण त्यांनी सांगितलं की आकड्यात बसला नाहीस तरी अंधारी येते ना, मग पाणी वाढव, सकाळी अंथरुणातनं एकदम उठू नकोस, आधी बसून पोटऱ्या हलव. बीपी तुझं खालच्याच अंगाला असतं म्हणून ताकात थोडं मीठ चालेल, बीपी वाढलेल्यानं हे ऐकून करू नये. अंधारी कमी झाली. फुकटात.

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मला अजून कोणी सांगितलं नव्हतं. महिन्यातनं एकदा माझ्याकडं यायचं, ठरलेल्या तारखेला, दुखत असलं तरी आणि नसलं तरी. मी म्हणलं नसलं दुखत तर कशाला? तर म्हणाले, "दुखलं तरच डॉक्टर भेटतो असं झालं ना, की शरीराला तेवढंच कळतं." हे मला तेव्हा जरा अतीच वाटलं, पण नंतर बघितलं तर अशा पेशंटसाठी ठरलेल्या अंतरानं भेटणं आणि एकाच डॉक्टरकडं सगळी सूत्रं असणं ही चांगली ओळखीची पद्धत आहे, त्यांच्या मनातलं काही नाही. नवीन काही वाटलं तर ते तपासतात, पोट दाबतात, छाती ऐकतात, आणि उगाच टेस्ट लिहीत नाहीत. काय झालं तर लगेच यायचं तेपण सांगून ठेवलंय: कारण नसताना वजन उतरायला लागलं, शौचातनं रक्त, रात्री घामानं अंथरूण भिजणं, बरेच दिवस खरा ताप, झोपेतनं उठवणारं दुखणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, छातीत दाब येऊन तो हातात किंवा जबड्यात जाणं. शेवटच्या दोन्हीला माझ्याकडंपण येऊ नकोस, सरळ मोठ्या दवाखान्यात जा, म्हणाले. तुम्हीपण ही यादी वाचा, "नेहमीचंच आहे" म्हणून ही असली गोष्ट अंगावर काढू नका. नेहमीचा आजारी माणूस वेगळ्या आजारानं आजारी पडू शकतो की.

वही लिहायला लावली. मला वाटलं जेवणाचं काहीतरी निघेल, वांगं किंवा दूध. निघालं भलतंच. दोन गोष्टी ठळक दिसतात. एक, सौद्याच्या, म्हणजे हळदीच्या लिलावाच्या दिवशी मी ठीक असतो. दिवसभर बोलीच्या मागं ढिगाढिगावर उभा, आरडाओरडा, जेवण चारला, आणि तरी ठीक. आडवा होतो तो तिसऱ्या दिवशी. म्हणून मला कधी संबंधच लागला नव्हता, कारण तिसऱ्या दिवशी मी काहीच केलेलं नसायचं.

दुसरी गोष्ट म्हणजे जुलै-ऑगस्ट. आमचं घर मारुती चौकाच्या अंगाला. २०१९ ला कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळीच ४५ आहे, आमच्या तळमजल्यात पाणी कपाटाच्या वरच्या खणापर्यंत होतं. २०२१ ला परत. तेव्हापासनं पावसाळ्यात अख्खी सांगली मोबाईलवर कोयना धरणाचे दरवाजे किती फुटांनी उचलले आणि विसर्ग किती क्युसेक तेच बघत असते, पहाटे तीनला पण. माझ्या वहीत या दोन महिन्यांची पानं भरलेली आहेत, पोट, धडधड, झोप, सगळं. आता कोणीतरी म्हणेल बघा, महापुराचा धक्का बसला, त्याचंच हे. मी असं म्हणणार नाही. त्या पुरात आमच्यापेक्षा भयंकर हाल झालेली माणसं आहेत आणि ती ठणठणीत आहेत, आणि माझी कणकण बहुतेक त्याच्या आधीचीपण असावी. पण पाणी चढायला लागलं की शरीर तयारीत राहतं हे दिसतंय, आणि रोज रात्री तयारीत राहिलेलं शरीर सकाळी दमलेलं असणार एवढं कळायला एमआरआय लागत नाही. आता आमच्या ग्रुपवर पाणी पातळी बघायचं काम रात्री दहानंतर धाकट्या भावाकडं आहे. चाळीसला, म्हणजे इशारा पातळीला, तो मला उठवेल. चाळीसच्या खाली मला काही सांगायचं नाही.

या सगळ्यात एक गोष्ट घडली ती सांगायलाच पाहिजे. डॉक्टर एकदा बायकोला म्हणाले, तूपण रक्त तपासून घे, पापणी पांढरी दिसतेय. हिमोग्लोबिन आलं ९.२. बाईला बाराच्या खाली म्हणजे रक्त कमी. घरात वर्षानुवर्षं एवढ्या तपासण्या चालल्यात, आणि जिच्यात साध्या टेस्टमध्ये सापडणारा आजार होता तिची टेस्ट कधी झालीच नव्हती, कारण तिनं कधी "बरं वाटत नाही" म्हणलंच नाही. मी विचारलं तुला दम लागत नव्हता का? तर म्हणते, "लागायचा की. मला वाटलं बायकांना असंच असतं." २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघालाय, म्हणजे निम्म्याहून जास्त जणींना असंच असतं हे तसं खरंच आहे, पण ते असायला नको होतं ना. पाळीत रक्त जास्त जात होतं, त्याचा इलाज झाला, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, चहाबरोबर नाही घ्यायच्या, लिंबू सरबताबरोबर चालतील. दोन-तीन महिन्यांत जिना चढताना मधे थांबायची ती थांबायची बंद झाली. मला खरंच आनंद झाला आणि, आता लिहितोच, थोडा हेवापण वाटला. एक नाव, एक आकडा, एक गोळी, आणि आकडा वर.

माझं तसं होणार नाही बहुतेक. पूर्वीपेक्षा बरा आहे, वाईट दिवस येतात पण ते कुठनं आले ते वहीत बऱ्याचदा सापडतं. सौद्यानंतरचे दोन दिवस हलकं काम ठेवतो, चांगल्या दिवशी सगळी राहिलेली कामं उरकायचा मोह आवरतो, हे सगळ्यात अवघड, कारण चांगल्या दिवशी माणसाला वाटतं आता काय, सुटलो. रोज संध्याकाळी आमराईत चालतो, दमायच्या आधी परत फिरतो. लोकांनी विचारलं तर हल्ली "मज्जातंतूचा त्रास आहे, मिरजेला दाखवलंय" असं सांगतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि चहा वेळेवर येतो.

फेब्रुवारीत नव्या हळदीची आवक वाढेल. परवा शेठना सांगितलं की यंदा मी सौद्यात रोज फिरणार नाही, एक दिवसाआड फिरीन, बाकीचे दिवस आत बसून पट्ट्या करीन, एका पोराला तयार करतो बाहेरच्या कामाला. मला वाटलं होतं कटकट होईल. शेठ जरा वेळ सुपारी कातरत बसले, मग म्हणाले, "चालंल. खरं एक काम कर. अथणीला एक वैद्य हाय, नुसती नाडी बघून सांगतोय, माझ्या साडूला गुण आलाय." आणि तिथल्या तिथं एका जुन्या पट्टीच्या मागं पत्ता लिहून दिला. घेतला. नाही कशाला म्हणायचं, एक दिवसाआड मिळालंय ना.